आमची भिंगरी गेली: तिच्याविषयी थोडं, आणि तुमच्या हॅमस्टरांविषयी ऐकायचंय

सांजवात_ (धागाकर्ती)

भिंगरी मागच्या आठवड्यात गेली. सोनेरी सिरियन हॅमस्टर, मादी, दोन वर्षांची होऊन गेली होती. या जातीचं आयुष्यच दोन ते तीन वर्षांचं, त्यामुळे ती अवेळी गेली असं म्हणता येणार नाही. तरीही रात्री खोलीत शांतता सोसवत नाही.

तिच्याबद्दल लिहायला बसले तेव्हा जाणवलं की कुत्रा-मांजर पाळणारे सांगतात तशा आठवणी माझ्याकडे फारशा नाहीतच. ती दारात वाट बघत बसली नाही, मांडीवर येऊन झोपली नाही. माझा दिवस मावळला की तिचा उगवायचा. एवढा काळ एका खोलीत राहूनही तिच्या आयुष्याचा मोठा भाग मी पाहिलेला नाही. माझ्या वाट्याला आले ते आवाज आणि खुणा.

आवाज मात्र सगळे पाठ आहेत. चाकाची एकसुरी घरघर, मध्येच थांबायची, मग पुन्हा सुरू. पाणी पिताना बाटलीच्या टोकाची पोलादी गोळी टकटक वाजायची. लाकडाचा तुकडा कुरतडण्याचा आवाज वेगळा, बी सोलण्याचा वेगळा आणि बराच बारीक. अर्धवट झोपेतही ती काय करतेय ते मला कळायचं.

काल तिचं घर आवरलं. एका बाजूला बेडिंगचा (खाली अंथरायच्या मऊ साहित्याचा) थर वीतभराहून जास्त खोल ठेवला होता, कारण तिला खणायला लागायचं. तो वरून हलक्या हाताने काढत गेले. काचेलगतचा बोगदा माझ्या ओळखीचा होता, त्यातून ती जाता-येता दिसायची. पण आत मधोमध आणखी एक बोगदा होता, त्याची मला काहीच कल्पना नव्हती. तो वळून तिच्या झोपायच्या जागेपाशी निघत होता. मी दिलेल्या कागदाच्या पट्ट्या तिने दातांनी विंचरून लोकरीसारख्या मऊ केल्या होत्या आणि त्यांत तिचे सोनेरी केस गुंतलेले होते. त्याच्या मागे कोठार. तळाला सूर्यफुलाच्या बिया, न सोललेल्या. वर भोपळ्याच्या बिया, सुके वाटाणे. आणि खाण्याच्या ज्या तयार गोळ्या ती माझ्यासमोर हुंगून बाजूला सारायची, त्यासुद्धा तिथे नीट जमवलेल्या. शू करायचा कोपरा या सगळ्यापासून पार दुसऱ्या टोकाला.

तिच्या घरात मी काल पहिल्यांदा शिरले असं वाटलं. बराच वेळ तिथेच बसून राहिले.

ज्यांनी हॅमस्टर पाळलेत त्यांना विचारायचंय, तुमच्याकडे त्याचं काय उरलंय? लहानसहान असलं तरी लिहा.

---

चाफेकळी

सांजवातताई, वाचून डोळे भरून आले. माझ्याकडे एक छोटा ड्वार्फ (बुटक्या जातीचा हॅमस्टर) होता, मुठीत मावायचा. त्याची आठवण म्हणजे गालातल्या पिशव्या. भरल्या की चेहरा पार खांद्यापर्यंत रुंद व्हायचा, आणि त्या अवस्थेत घराच्या दारातून आत शिरायला धडपडायचा. अडकला तरी माघार नाही. पुढचे दोन्ही पंजे गालांवर दाबून एकेक दाणा बाहेर काढायचा, आत नेऊन ठेवायचा आणि उरलेल्यासाठी परत यायचा. हे दृश्य मला कधीही डोळे मिटून दिसतं.

---

रानवारा७

भिंगरीला आदरांजली. नाव फार छान ठेवलं होतंत.

चाकाबद्दल लिहितो. आमचा रोबोरोव्स्की (हॅमस्टरचीच एक छोटी जात) रात्रभर पळायचा. घरी येणारे लोक म्हणायचे, बिचारा कोंडलाय म्हणून वेड्यासारखा पळतो. ते मला खुपायचं. पुढे नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या संशोधकांचं 2014 सालचं काम वाचनात आलं. त्यांनी उघड्यावर, कुणालाही न कोंडता, चाकं ठेवून दिली आणि कॅमेरे लावले. रानटी उंदीर आपणहून येऊन त्यांवर धावले. तिथलं खाणं काढून घेतल्यावरही धावणं थांबलं नाही. म्हणजे धावण्यात त्यांना स्वतःचं काहीतरी मिळतं. अर्थात लहान पिंजऱ्यातला प्राणी कंटाळतो हेही खरंच, चाक दिलं म्हणजे जागा कमी चालेल असा अर्थ कुणी काढू नये. पण आमचा तो आनंदाने पळत होता असं मी आज खात्रीने म्हणतो, आणि त्याची आठवण काढताना ही खात्री मला फार मोलाची वाटते.

जे नव्याने पाळणार आहेत त्यांच्यासाठी: सिरियनला साधारण 28 सेंटीमीटर व्यासाचं चाक लागतं, धावताना पाठ वाकता कामा नये. पृष्ठभाग सलग हवा, गजांच्या चाकात पाय अडकून मोडतात.

---

पाऊलवाट

मी कधी हॅमस्टर पाळला नाही, त्यामुळे मनापासून विचारतो, कुणाला दुखवायचा हेतू नाही. तो माणसाला ओळखतो का? की आपणच एकतर्फी जीव लावतो?

---

दवबिंदू

@पाऊलवाट, ओळखतो. नजरेने मात्र नाही, कारण त्याची दृष्टी अधू असते, थोड्या अंतरावरचंही नीट दिसत नाही. त्याचं जग वासाचं. सोनेरी हॅमस्टर एकमेकांना वासावरून वेगवेगळं ओळखतात हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. सिरियनच्या दोन्ही कुशींवर गंधग्रंथी असतात आणि तो त्या घासत आपल्या वाटांवर खूण ठेवत जातो.

आमच्या मादीचं सांगते. मी हात नुसत्या पाण्याने धुतलेला असला की ती सरळ तळव्यावर चढायची, मनगटापाशी थांबून मिशा हलवत हुंगायची आणि बाहीत शिरायची. घरातल्या दुसऱ्या कुणाचा हात आत गेला की आधी मागे सरून कान पाडायची, मग बेताबेताने पुढे यायची. हा फरक शेवटपर्यंत राहिला. यापेक्षा जास्त ओळख मला नको होती.

आणि एकतर्फी म्हणाल तर, ज्याला माणसाच्या एका हाताने चिरडता येईल असा जीव त्या हातावर बसून शांतपणे अंग साफ करतो, तेव्हा त्याच्या बाजूनेही काहीतरी दिलं गेलेलं असतं.

---

पाऊलवाट

समजलं. धन्यवाद, फार चांगलं सांगितलंत.

---

जुनी_वही

धागा सकाळपासून वाचतेय. सांजवात, तुम्ही कोठाराचं आणि बोगद्यांचं जे लिहिलंय त्यावरून भिंगरीच्या घराण्याचा इतिहास सांगावासा वाटतो. मला तो ठाऊक झाल्यापासून आमच्या हॅमस्टरकडे बघायची माझी नजरच बदलली.

सोनेरी हॅमस्टरचं शास्त्रीय वर्णन जॉर्ज वॉटरहाऊस यांनी 1839 मध्ये केलं, सिरियातल्या अलेप्पोहून आलेल्या नमुन्यावरून. त्यानंतर बराच काळ या प्राण्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. 1930 मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी तिकडे गेले आणि अलेप्पोजवळच्या एका शेतात खणून एक मादी आणि तिची पिल्लं मिळवली. त्यांतली थोडीच वाचली, त्या भावंडांपासून विद्यापीठात वीण सुरू झाली आणि तिथून हे प्राणी जगभर पसरले. आज घरोघरी असलेले जवळजवळ सगळे सिरियन हॅमस्टर त्या एका बिळातून आलेले आहेत. भिंगरीसुद्धा.

रानातल्या बिळांची मापं संशोधकांनी घेतलीत. ती साधारण 36 ते 106 सेंटीमीटर खोल निघाली आणि वस्ती असलेल्या प्रत्येक बिळात एकच प्रौढ प्राणी होता. सिरियन हॅमस्टर एकट्यानेच ठेवायचा असतो तो यामुळेच. दोन एकत्र ठेवले तर जिवावर बेतणारी भांडणं होतात. ‘एकटा आहे बिचारा’ म्हणून जोडीदार आणणाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आता तुमच्या रात्रीच्या मुद्द्याबद्दल. आपल्या घरात हॅमस्टर निशाचर असतो हे खरं. पण दक्षिण तुर्कस्तानातल्या शेतांत रानटी माद्यांवर नजर ठेवली तेव्हा त्या दिवसाउजेडी, त्यातही सकाळी आणि संध्याकाळी, बाहेर पडताना दिसल्या. रात्री जवळपास नाहीच. 2008 मध्ये हे प्रसिद्ध झालं. तोच प्राणी पिंजऱ्यात रात्रीचा आणि रानात उजेडाचा, हे का याचं समाधानकारक उत्तर मी अजून शोधतेय.

त्याच्या शरीरातल्या घड्याळाने विज्ञानाला मोठी मदत केलीय. 1988 मध्ये अशा एका सोनेरी हॅमस्टरबद्दल प्रसिद्ध झालं की ज्याचा आतला दिवस 24 तासांऐवजी सुमारे 22 तासांचा होता, आणि हा गुण आनुवंशिक निघाला; तो दोन्ही पालकांकडून आलेल्या पिल्लांचा दिवस तर सुमारे 20 तासांचा होता. पुढे अशा हॅमस्टरच्या मेंदूतला घड्याळाचा भाग दुसऱ्यात बसवल्यावर त्या दुसऱ्याचा दिवस पहिल्यासारखा चालू लागला. मेंदूत घड्याळ नेमकं कुठे असतं ते असं पक्कं झालं. हे वाचताना त्या प्रयोगशाळेतल्या प्राण्यांचंही मला फार वाटतं. त्यांची नावं कुणी ठेवली नसतील.

---

सांजवात_

@जुनी_वही, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. ती चाकावर यायची वेळ इतकी ठरलेली होती की घरातले दिवे घालवायच्या आधी मी कान देऊन ऐकायचे. त्यामागे काय चालतं ते आज कळलं. आणि एका बिळातून आलेली म्हटल्यावर चाफेकळी, दवबिंदू, तुमच्यामाझ्या सगळ्यांचीच भाऊबंदकी निघाली की! (ड्वार्फ वेगळ्या जातीचे, माहितीये, पण तरी.)

@रानवारा७, चाकाबद्दल लिहिलंत त्याने खरंच बरं वाटलं.

---

अबोली२

आमच्याकडे मुलाचा हॅमस्टर होता. तो गेला तेव्हा मुलगा बालवाडीत होता. एक गोष्ट आवर्जून सांगते: मुलांना ‘झोपला’ असं सांगू नका. हा प्राणी दिवसभर झोपतच असतो. झोपेतून उठलाच नाही असं कळलं की मूल स्वतःच्या झोपेला घाबरू लागतं. आम्ही ‘मेला’ हाच शब्द वापरला. त्याचं हृदय बंद पडलं, आता त्याला दुखत नाही, भूक लागत नाही, तो परत येणार नाही. मुलाने एकच प्रश्न विचारला, त्याच्या बियांचं काय करायचं? दोघांनी मिळून त्या मातीत पेरल्या. काही उगवल्या, काही नाही.

‘नवीन आणू या’ हे वाक्य आम्ही मुद्दाम टाळलं. तोच प्राणी बदलून मिळतो असा समज व्हायला नको होता.

---

रानवारा७

अबोलीताईंना पूर्ण अनुमोदन.

याच संदर्भात एक महत्त्वाचं. खूप थंडी, कमी उजेड किंवा अपुरं खाणं असलं तर हॅमस्टर थंडीच्या गुंगीत जातो. अंग गार लागतं, श्वास इतका मंद होतो की पटकन दिसत नाही, हृदयाचे ठोके हाताला कळत नाहीत. असे जिवंत प्राणी मेले समजून पुरले गेल्याच्या गोष्टी ऐकल्यात. म्हणून घाई करू नये. मिशा थरथरतात का बघावं, नाकाशी थोडा वेळ लक्ष ठेवावं. उबदार खोलीत, हाताच्या उबेत हळूहळू गरम करावं, एकदम शेक देऊ नये. शुद्धीवर आला तरी व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरला) दाखवावंच, कारण त्यात त्याची बरीच ताकद खर्च होते. अंग ताठ झालं असेल आणि ऊब देऊनही तसूभर फरक पडत नसेल, तर मात्र तो गेलेला असतो.

---

टिपूर

मी सहसा फक्त वाचतो, आज लिहावंसं वाटलं.

आमचा गोट्या म्हातारा झाला तसा त्याच्या घरात एकेक बदल करत गेलो. वरचा मजला काढला, कारण उतरताना पाय घसरायचे. पाण्याची बाटली होतीच, शिवाय एक उथळ वाटी ठेवली. चाक ठेवलं, तो त्यावर धावत नसे, नुसता बसायचा.

शेवटी शेवटी त्याला सूर्यफुलाची बी सोलता येईना. दोन्ही पंजांत धरायचा, फिरवायचा, दात लावायचा आणि टरफल निसटायचं. पुन्हा उचलायचा. मी समोर बसून बिया सोलून द्यायला लागलो. पहिल्या दिवशी त्याने सोललेली बी हुंगली, माझ्या बोटाकडे वळला, बोट हुंगलं, मग ती बी गालात टाकली. खाल्ली नाही. दुसरी गालात, तिसरी गालात. मग डुलत डुलत घरात गेला आणि आतून आवाज आला, सगळ्या काढून ठेवल्याचा. उद्या आपल्याला खायला मिळेल अशी त्याची खात्री होती. मला त्या क्षणी जे वाटलं ते लिहिता येत नाही.

त्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल लोक वाईट वाटून घेतात. माझ्या लेखी ते त्याच्या-माझ्यातले सगळ्यात जवळचे दिवस होते.

---

चाफेकळी

टिपूर, लिहीत जा हो. ‘बोट हुंगलं, मग बी गालात टाकली’ हे विसरणार नाही.

---

दवबिंदू

सांजवात, विचारू का? पुन्हा हॅमस्टर आणणार आहात? माझ्या मते फार थांबू नये. रिकामं काचघर रोज बघणं जास्त त्रासाचं. मी लवकर आणला आणि मला तरी ते मानवलं. पहिल्याचं प्रेम कमी होत नाही.

---

अबोली२

दवबिंदू, इथे माझं मत वेगळं आहे. दुसऱ्या प्राण्याला पहिल्याच्या सवयींच्या मापाने मोजलं जातं. हा हातावर का येत नाही, हा चाकावर का पळत नाही. नव्यावर तो अन्याय. थोडा काळ जाऊ द्यावा, मग तो त्याच्या स्वभावाने घरात येतो. एक मात्र खरं, प्रत्येकाचं मन वेगळं.

---

सांजवात_

दोघींचं पटतंय, पण सध्या तरी नाही. काचघर गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवून ठेवलंय. त्यात पुढे कुणी आलं तर त्याला भिंगरीचा वास नको, जागा पूर्ण त्याची हवी.

बेडिंग टाकून द्यायच्या आधी मी कागदावर तिच्या बोगद्यांचा नकाशा काढलाय. झोपायची जागा, कोठार, शू करायचा कोपरा, काचेलगतची वाट आणि ती मधली वाट. कोठारातल्या मूठभर बिया एका बरणीत ठेवल्यात. तिचा हातावरचा चांगला फोटो माझ्याकडे नाही, ती थांबायचीच नाही. पण हा नकाशा तिने स्वतः केलेला आहे, मला तो फोटोपेक्षा जास्त जवळचा वाटतो.

---

कवडसा

नमस्कार, मी इथे नवीन. हा धागा वाचून रडलो, आणि काळजीही लागली. माझा सिरियन दोन वर्षांचा होईल. हल्ली जास्त झोपतो, बारीक झाल्यासारखा वाटतो. कुशीवर दोन्ही बाजूंना काळसर, केस गेलेले ठिपके दिसतात. गाठी असतील का? काय काय बघू?

---

दवबिंदू

@कवडसा, दोन्ही कुशींवर अगदी समोरासमोर असतील तर बहुधा त्या गंधग्रंथीच, नरात त्या ठळक असतात आणि वयानुसार केस विरळ झाले की जास्त दिसतात. एकाच बाजूला असेल, फुगलेलं किंवा ओलसर असेल, तर दाखवा.

---

रानवारा७

@कवडसा, आधी वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. एका वाडग्यात त्याला ठेवून, दर आठवड्याला त्याच वेळी, लिहून ठेवा. नुसत्या डोळ्यांना वजनातला फरक उशिरा कळतो. मग दात. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढतात, वेडेवाकडे वाढले तर खाता येत नाही आणि प्राणी बारीक होतो. पाणी एकाएकी जास्त पितोय का, शेपटीखाली ओलं आहे का, श्वासाला आवाज आहे का, तेही बघा. शेपटीखाली ओलं आणि जुलाब असतील तर वाट न बघता त्याच दिवशी व्हेट.

आणि घरातलं कुठलंही प्रतिजैविक स्वतःहून देऊ नका. पेनिसिलिन गटातली औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारतात आणि त्यानेच तो दगावू शकतो. लहान प्राण्यांचा अनुभव असलेला व्हेट शोधा, फोनवर आधी विचारून घ्या की हॅमस्टर बघता का.

---

कवडसा

सगळ्यांचे आभार. ठिपके अगदी समोरासमोर आहेत, फुगलेले नाहीत. वजन केलं, आकडा वहीत लिहिला. ओठ अलगद बाजूला करून पाहिलं तर खालचा एक दात दुसऱ्यापेक्षा लांब आणि तिरका दिसतोय. कडक गोळ्या तोंडात धरून सोडून देतो, मऊ काही दिलं की खातो. हॅमस्टर बघणारे व्हेट मिळाले, परवाची वेळ दिलीय.

---

टिपूर

तोवर गोळ्या पाण्यात भिजवून, चुरून द्या. बिया सोलून. रात्री उठला की लगेच ताजं ठेवा आणि सकाळी उरलेलं ओलं काढून टाका, कोठारात नेऊन ठेवलं तर त्याला बुरशी येते. तेवढा एक कोपरा रोज तपासा, बाकीचं घर विस्कटू नका.

---

सांजवात_

@कवडसा, दाताचंच निघालं तर व्हेट तो कापून नीट करतात, बरेच हॅमस्टर त्यानंतर पुन्हा व्यवस्थित खायला लागतात. जाताना त्याच्या झोपायच्या जागेतलं थोडं बेडिंग डब्यात घालून न्या, ओळखीच्या वासात तो कमी घाबरेल. काय सांगितलं ते इथेच लिहा. त्याचं नाव नाही सांगितलंत अजून.

---

कवडसा

नाव लाडू. परवा संध्याकाळी लिहितो.